ग्राफीनचा एकच थर डोळ्यांनी ओळखायचा कसा? नाशकात जमेल असं प्रात्यक्षिक

गंगापूर रोडकर

नमस्कार मंडळी. मी भौतिकशास्त्र शिकवतो. टीवायच्या मुलांसाठी यंदा ग्राफीन ओळखण्याचं प्रात्यक्षिक बसवतोय, त्यासाठी हा धागा. ग्राफीन म्हटलं की मुलं लगेच सांगतात, "सर, ते पोलादापेक्षा मजबूत असतं." पण ते समोर ठेवलं तर ओळखाल कसं, असं विचारलं की वर्ग शांत. मला नेमकं तेच शिकवायचंय.

ग्राफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत, दोन थरांतलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर. त्यातला एक सुटा थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाईम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून तो वेगळा काढला. २०१० चं नोबेल त्यांना ग्राफीनवरच्या कामासाठीच मिळालं. चिकटपट्टीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण पट्टीवरून उतरलेल्या असंख्य जाड कपच्यांमध्ये एका अणूच्या जाडीची कपची सापडली कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. ती साध्या ऑप्टिकल मायक्रोस्कोपखाली सापडली. आणि दिसली कशामुळे, तर खालच्या सिलिकॉन वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर होता म्हणून.

पहिल्या पावसात मुंबई नाक्यावर ओल्या डांबरावर तेलाचे रंग उमटतात, तोच हा प्रकार. ऑक्साइडच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परत येतो, खालच्या सिलिकॉनवरून थोडा, आणि दोघांचं व्यतिकरण होतं, म्हणजे दोन्ही तरंग मिसळून एकमेकांना वाढवतात किंवा पुसतात. आता गणित बघा. ऑक्साइडचा अपवर्तनांक १.४६, जाडी २८५ नॅनोमीटर धरू. प्रकाश आत जाऊन परत येतो, म्हणून २ × १.४६ × २८५ = ८३२ नॅनोमीटर. दोन्ही ठिकाणी फेज (तरंगाची अवस्था) सारखीच उलटते, त्यामुळे हा मार्ग दीड तरंगलांबीएवढा झाला की परावर्तन सगळ्यात कमी. ८३२ भागिले १.५ म्हणजे ५५५ नॅनोमीटर. हा हिरवा प्रकाश. तो वजा झाला म्हणूनच असा वेफर जांभळा दिसतो! ९० नॅनोमीटरच्या ऑक्साइडला हेच गणित अर्ध्या तरंगलांबीचं करा, ५२६ येतात. पुन्हा हिरवाच. आणि उजेडात आपला डोळा सगळ्यात संवेदनशील कुठे असतो? ५५५ च्याच आसपास.

जिथे पार्श्वभूमीचा प्रकाश कमीत कमी, तिथे वर ठेवलेल्या थराने केलेला बारीक बदलही प्रमाणात मोठा दिसतो. म्हणून ग्राफीन तिथे उठून येतं. पण जाडी चुकली तर खेळ संपला. गाईम आणि नोवोसेलोव यांनी २००७ च्या लेखात लिहिलंय की ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटर, म्हणजे ५ टक्के फरक झाला, तरी एकेरी थर पार दिसेनासा होऊ शकतो. त्यामुळे वेफर मागवताना "ऑक्साइडवाला" एवढं सांगून भागत नाही. जाडी लिहून द्या, थर्मल ऑक्साइडच (सिलिकॉन तापवून चढवलेला) हवा म्हणा.

प्रश्न असा : परावर्तित प्रकाशाचा चांगला मायक्रोस्कोप आमच्याकडे नाही. जीवशास्त्र विभागातले सगळे खालून प्रकाश देणारे. नाशकात कुणाकडे सोय आहे का?

अंबडचा मेटलर्जिस्ट

सर, सोय म्हणजे काय, अंबड-सातपूर पट्टा या मायक्रोस्कोपांनीच भरलेला आहे. कास्टिंग घेणारी, देणारी, हीट ट्रीटमेंट करणारी प्रत्येक धड लॅब मेटलर्जिकल मायक्रोस्कोप ठेवते. तो वरूनच प्रकाश टाकतो, कारण लोखंडातून प्रकाश आरपार जात नाही. आम्ही रोज ग्रे आयर्न या ओतीव लोखंडातल्या ग्राफाइटच्या पाकळ्या आणि एसजी आयर्न या दुसऱ्या प्रकारातले ग्राफाइटचे गोळे बघतो, त्यांचा आकार चार्टशी ताडून रिपोर्ट देतो. म्हणजे ग्राफाइट आमच्या नजरेखालून रोज जातं. फक्त तिथे ते लोखंडाच्या पोटात असतं, तुम्हाला वेफरवर हवंय.

आणखी एक. तुम्ही हिरव्या प्रकाशाचं म्हणालात, तर आमच्या मायक्रोस्कोपांना हिरवा फिल्टर बहुतेक वेळा सोबतच येतो. साध्या अ‍ॅक्रोमॅट लेन्स हिरव्यातच सगळ्यात नेमक्या जुळवलेल्या असतात, म्हणून. बऱ्याच लॅबमध्ये तो ड्रॉवरमध्ये पडून असतो. तो बाहेर काढा.

मात्र एक काळजी घ्या. आमच्याकडचे पुष्कळ मायक्रोस्कोप इन्व्हर्टेड असतात, नमुना पालथा घालावा लागतो. पॉलिश केलेल्या जॉबला ते चालतं, वेफर पालथा घातला तर कपच्या खरवडल्या जातील. कडांना टेकेल अशी पातळ रिंग खाली ठेवा, किंवा सरळ उभा मायक्रोस्कोपच शोधा. मी आमच्या लॅबमध्ये विचारतो. शनिवारी दुपारनंतर काम कमी असतं, मुलांना घेऊन यायला हरकत नसावी.

गंगापूर रोडकर

वा! हा फिल्टर ड्रॉवरमध्ये असतो हे मला खरंच माहीत नव्हतं. व्यक्तिगत निरोप करतो.

बारावीची आई

माझी मुलगी हा धागा माझ्या शेजारी बसून वाचतेय आणि तिचा प्रश्न मी टाइप करतेय. तिने वाचलंय की ग्राफीनचा एक थर फक्त २.३ टक्के प्रकाश शोषतो, बाकी सगळा आरपार जातो. मग इतकी पारदर्शक वस्तू दिसते कशी? आणि २.३ हा आकडा कुठून आला?

गंगापूर रोडकर

मुलीला शाबासकी द्या, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे.

आधी दुसरा भाग. π ला १३७ ने भागायला सांगा. ०.०२२९ येतात, म्हणजे २.३ टक्के. हे १/१३७ म्हणजे फाइन स्ट्रक्चर कॉन्स्टंट. इलेक्ट्रॉन आणि प्रकाश एकमेकांशी किती जोराने बांधलेले आहेत ते सांगणारा निसर्गाचा स्थिरांक. एरवी तो मोजायचा तर फार नाजूक प्रयोग लागतात. ग्राफीनमध्ये तो प्रकाश किती अडला एवढ्यावरून हाताला लागतो. २००८ मध्ये मँचेस्टरच्याच गटाने धातूच्या पत्र्यातल्या बारीक भोकांवर ग्राफीन ताणून बसवलं आणि आरपार गेलेला प्रकाश मोजला. एका थराला २.३, दोन थरांना साधारण दुप्पट, अशा पायऱ्या मिळाल्या. दृश्य प्रकाशात रंग बदलला तरी आकडा जवळजवळ तोच. पदार्थ कोणता, त्याची जाडी किती, याचा उल्लेखही न येता उत्तर निव्वळ विश्वाच्या स्थिरांकातून निघावं, हे मला प्रत्येक वेळी शिकवताना नव्याने भारून टाकतं.

आता पहिला भाग. काचेवर ठेवलेलं ग्राफीन शोधणं खरोखरच अवघड. शोषण २.३ टक्के, परावर्तन तर ०.१ टक्क्याहूनही कमी. पण वर सांगितलेल्या वेफरवर हिरव्या प्रकाशात पार्श्वभूमी आणि ग्राफीन यांच्यातला फरक १० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. तेवढा डोळ्याला पुरतो. योग्य फिल्टर लावला तर बऱ्याच जाडींच्या ऑक्साइडवर ते दिसतं हेही दाखवून झालंय. अडचण सुमारे १५० नॅनोमीटरच्या आसपास आणि ३० च्या खाली.

लासलगावची लेक

मी मूळची लासलगावची, सध्या पुण्यात पीएचडी करतेय, द्विमितीय पदार्थांवरच. सर, वेफर आणि मायक्रोस्कोपचं तुम्ही सुंदर लिहिलंय. हाताने करतानाच्या काही गोष्टी सांगते.

पेन्सिलचं शिसं घेऊ नका, त्यात माती मिसळलेली असते. नैसर्गिक ग्राफाइटच्या मोठ्या चकचकीत कपच्या मिळतात, त्या घ्या. पट्टीवर एक कपची दाबा, पट्टी दुमडा, उघडा, पुन्हा दुमडा. सुरुवातीला आरशासारखा चमकणारा डाग दिसतो, मग तो पसरत पसरत राखाडी आणि निस्तेज होतो. तिथे थांबा. मुलं हौसेने सोलतच राहतात आणि कपच्यांचा भुगा करतात. वेफर अ‍ॅसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन तापवून घ्या, म्हणजे वरची ओल जाईल. नाशकातल्या जुलैत ही पायरी गाळलीत तर कपच्या धड चिकटणारच नाहीत. पट्टी वेफरवर ठेवून बोटाने घासा, वेफर पट्टीसकट १०० अंशाच्या हॉटप्लेटवर दोनेक मिनिटं ठेवा, थंड होऊ द्या आणि मग अगदी सावकाश, जवळजवळ सपाट ठेवूनच पट्टी ओढा.

मग १० एक्सने चाळा. पिवळट-पांढरं, धातूसारखं चमकणारं सगळं सोडून द्या, ते जाड ग्राफाइट. निळसर दिसतात त्या कपच्या पातळ, पण अजून थर बरेच. त्यांच्या कडेला चिकटून एखादा फिकट जांभळा तुकडा दिसतो, पार्श्वभूमीपेक्षा किंचित गडद, जणू आहे की नाही असा. तिथे ५० एक्स लावा. कडा सरळ आहेत का, कोपरे ६० किंवा १२० अंशांचे आहेत का, बघा. ग्राफीन फाटताना पुष्कळदा स्फटिकाच्या दिशा धरून फाटतं. चिकटपट्टीचा गोंदही फिकट डाग म्हणून दिसतो आणि नवख्यांना हमखास फसवतो, पण त्याच्या कडा गोलसर आणि रंग एका डागातच बदलत जाणारा. ग्राफीनचा रंग पूर्ण तुकड्यावर एकसारखा, आणि थर वाढला की एका रेषेवर एकदम बदलतो. हा पायरीचा बदल ओळखता आला की निम्मं काम झालं.

इंदिरानगरचा इंजिनिअर

पण रंगावरून "एकच थर" असं छातीठोकपणे कसं म्हणणार? एएफएमने (बारीक सुई फिरवून पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या मायक्रोस्कोपने) उंची मोजली की काम झालं की. ०.३४ आली तर एक थर.

लासलगावची लेक

तसं होत नाही ना. ऑक्साइडवरच्या एका थराची उंची एएफएमवर ०.३४ न येता अर्ध्या ते एक नॅनोमीटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त येते. खाली अडकलेलं पाणी असतं, शिवाय सुई ग्राफीनला आणि ऑक्साइडला वेगवेगळा प्रतिसाद देते. एका थराचे दोन वाटू शकतात. खात्रीसाठी रामनच हवा, म्हणजे लेझर टाकून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते मोजणं.

आणि इथे आपला अभिमानाचा विषय येतो. २८ फेब्रुवारी १९२८ ला कोलकात्यात सर सी. व्ही. रामन यांना सापडलेला हा परिणाम. आपण विज्ञान दिन साजरा करतो तो त्याच तारखेला. आज जगात कुठेही ग्राफीन बनवलं तरी त्यावर शिक्कामोर्तब करायला तोच वापरतात.

५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर ग्राफीनवर टाकला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत येतो. अगदी थोडा मात्र जाळीच्या कंपनांना ऊर्जा देऊन येतो आणि त्याचा रंग तांबड्याकडे सरकतो. किती सरकला ते 'प्रति सेमी' या एककात मोजून आलेख काढतात, त्यात शिखरं दिसतात. सुमारे १५८० प्रति सेमीवर 'जी' (G) नावाचं शिखर, म्हणजे प्रत्यक्षात ५८१ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश. सुमारे २६८० वर 'टू-डी' (2D) शिखर, तो ६२० नॅनोमीटरचा नारिंगी. आणि जाळीत दोष असतील तरच १३५० च्या आसपास 'डी' (D) शिखर उगवतं. चांगल्या सोललेल्या तुकड्याच्या मध्यावर डी जवळपास नसतंच.

थर मोजायचे टू-डीच्या आकारावरून. २००६ मध्ये आंद्रेआ फेरारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एका थराचं टू-डी शिखर एकसंध, उंच आणि अरुंद असतं. रुंदी २५ ते ३० प्रति सेमी, सोललेल्या स्वच्छ तुकड्यात उंची 'जी' शिखराच्या दुपटीहून जास्त. दोन थर झाले की इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे दुभंगतात आणि त्याच शिखरात चार घटक मिसळतात, ते रुंद आणि वाकडं होतं. जाड ग्राफाइटमध्ये तर खांदा असलेलं दुहेरी शिखर. मुलांनी एकदा एक थर, दोन थर आणि जाड ग्राफाइट असे तीन आलेख एकाखाली एक बघितले तर आयुष्यात विसरणार नाहीत.

फक्त उंचीच्या गुणोत्तरावर विसंबू नका. खालच्या पृष्ठभागावरून किंवा हवेतून ग्राफीनमध्ये विद्युतभार शिरला की 'जी' शिखर जास्त आकड्याकडे सरकतं आणि टू-डी बुटकं होतं, थर एकच असला तरी. रुंदी जास्त भरवशाची. मोजण्याआधी सिलिकॉनचं ५२०.७ चं शिखर जागेवर येतंय का पाहा, आणि लेझर १ मिलिवॅटच्या खाली ठेवा. जास्त शक्तीने तुकडा तापतो, शिखरं सरकतात, आणि पुढे जाळीत दोषही पडतात.

पुण्या-मुंबईच्या संस्थांमधली बरीच उपकरणं आय-स्टेम पोर्टलवरून शुल्क भरून बाहेरच्यांना वापरता येतात. कॉलेजच्या पत्रावर अर्ज करा.

सिडकोकर

हिरवा लेझर पॉइंटर आणि ग्रेटिंग घेऊन घरच्या घरी रामन बनवायचे व्हिडिओ आहेत. तसं करून मुलांना दाखवलं तर?

गंगापूर रोडकर

ग्राफीनसाठी नको. एका थरातून येणारा संकेत इतका क्षीण असतो की परतणारा लेझरचा प्रकाश अडवणारा खास फिल्टर आणि चांगला डिटेक्टर नसेल तर काहीच हाती लागत नाही. त्याहून महत्त्वाचं, स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून अदृश्य इन्फ्रारेडही बाहेर पडतं, ८०८ आणि १०६४ नॅनोमीटरचं. पुष्कळांत ते अडवणारा फिल्टरच नसतो. हिरवा झोत डोळ्यांना जाणवतो, इन्फ्रारेड जाणवतही नाही आणि डोळ्याचा पडदा जाळतो. मुलांच्या डोळ्यांशी हा खेळ मी होऊ देणार नाही.

पंचवटीकर

थोडं वेगळं विचारतो, पण विषय तोच. मी गाडीला एका ठिकाणी "ग्राफीन कोटिंग" करून घेतलं, साध्या सिरॅमिक कोटिंगपेक्षा बरेच जास्त पैसे मोजून. त्यात ग्राफीन आहे हे विचारलं तर त्यांनी रामनचा एक आलेख दाखवला. त्यात डी आणि जी अशी दोन शिखरं होती. हा पुरावा धरायचा का?

लासलगावची लेक

दादा, नाही धरायचा. डी आणि जी ही दोन रुंद शिखरं जवळपास कुठल्याही अव्यवस्थित कार्बनला येतात. टायरमध्ये घालतात तो कार्बन ब्लॅक, कोळसा, काजळी, सगळ्यांना. ग्राफीन ऑक्साइडलाही अशीच दोन शिखरं आणि टू-डी अगदी दबलेलं. म्हणजे या आलेखावरून "कार्बन आहे" एवढंच सिद्ध होतं. २५०० ते ३००० हा भाग आलेखात दाखवलाच नसेल तर तो मागा.

जगभरात हीच बोंब आहे. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतल्या ६० उत्पादकांचं ग्राफीन तपासलं. बहुतेकांमध्ये खऱ्या ग्राफीनचं प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली निघालं, आणि ५० टक्क्यांच्या वर एकही नाही. उरलेलं होतं बारीक केलेलं ग्राफाइट. दहा थरांपर्यंतच्या पदार्थाला ग्राफीन म्हणायची सवलत देऊनसुद्धा ही परिस्थिती. एक रामन मोजणी करायला काही मिनिटं लागतात, आणि ग्राहक तेवढाही पुरावा मागत नाहीत म्हणून हे चालतं. मागायला लागा.

पंचवटीकर

पुढचा भाग मागितला, "कंपनीकडून मागवतो" म्हणाले. बघू. बिल जपून ठेवलंय.

अंबडचा मेटलर्जिस्ट

मला तांब्याबद्दल विचारायचं होतं. तांब्याच्या फॉइलवर ग्राफीन वाढवतात म्हणे, मग ते तिथेच ओळखता येतं का? की आधी वेफरवर उतरवावं लागतं?

लासलगावची लेक

तिथेच येतं, आणि ही पद्धत तुम्हाला आवडेल काका, कारण फक्त हॉटप्लेट लागते. १००० अंशाच्या आसपास मिथेनमधून तांब्यावर ग्राफीन वाढवतात, २००९ पासून ही पद्धत रुळली. फॉइल बाहेर काढली की नुसती चकचकीत दिसते, ग्राफीन कुठे आहे कळत नाही. ती हवेत २०० अंशाच्या आसपास काही मिनिटं तापवायची. जिथे तांबं उघडं आहे तिथे ऑक्साइड चढून ते तांबूस-काळपट होतं. ग्राफीनखालचं तांबं मात्र तसंच लखलखीत राहतं, कारण अखंड ग्राफीनमधून ऑक्सिजन आत जात नाही. मायक्रोस्कोपखाली षटकोनी किंवा चांदणीसारखे चकचकीत तुकडे उघडे पडतात. थरात जिथे चीर असते तिथे ऑक्साइडची काळी रेघ उमटते, म्हणजे दोषांचा नकाशाही आपोआप मिळतो.

मात्र असा तपासलेला तुकडा पुढच्या कामाला वापरू नका. तपासणीसाठी फॉइलची कडेची पट्टी कापून घ्या.

अंबडचा मेटलर्जिस्ट

हे तर आमच्या एचिंगसारखंच झालं. आम्हीही पॉलिश केलेल्या लोखंडाला नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचं मिश्रण) लावून जे दिसत नाही ते उघड करतो. छान.

सर, लॅबकडून होकार आलाय. उभा मायक्रोस्कोप आहे, कॅमेरा जोडलेला आहे, हिरवा फिल्टरही सापडला. फोटोवरून थर मोजायचे तर काय करायचं ते आधी सांगून ठेवा, म्हणजे आमचा ऑपरेटर तयारीत राहील.

गंगापूर रोडकर

मनापासून आभार. कॅमेऱ्याचा ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक फोटोत पार्श्वभूमी बदलते. एक फोटो रिकाम्या वेफरचा घ्यायचा. प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही, त्या फोटोने बाकीच्यांना भागलं की ती असमानता जाते. मग हिरव्या चॅनलमध्ये पार्श्वभूमीची सरासरी काढायची, तुकड्याची काढायची, फरकाला पार्श्वभूमीने भागायचं. पहिले काही थर जवळजवळ समान पायऱ्यांनी गडद होत जातात. मुलांना आलेखावर त्या पायऱ्या स्वतः शोधायच्या आहेत. पुस्तकातला आकडा मी आधी सांगणार नाही.

लासलगावची लेक

सर, एवढं एक त्यात घाला. सगळे फोटो एकाच लेन्सने घ्या. १०० एक्ससारख्या मोठ्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या लेन्समधून प्रकाश तिरका-तिरकाही येतो, ऑक्साइडमधला मार्ग बदलतो आणि ग्राफीनचा फरक पुसट होतो. २० एक्सवर जो आकडा येईल तो १०० एक्सवर येणार नाही, मुलं गोंधळतील. अ‍ॅपर्चर डायफ्रामही थोडा मिटून एकाच जागी ठेवा. आणि ज्या तुकड्यांवर एक आणि दोन थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतील त्यांच्या जागा वेफरवर खूण करून मला पाठवा. आमच्या गाइडची परवानगी घेतली आहे, त्याच तुकड्यांवर इथे रामन करून देते. येताना वेफर डबीत घट्ट बसवा, खाली कापूस घालू नका, तंतू चिकटतात.

बारावीची आई

शनिवारी बारावीची मुलगी आली तर चालेल का? तिने π भागिले १३७ वहीत करून ठेवलंय आणि आता पाच थरांना किती प्रकाश अडेल ते काढत बसलीये.

गंगापूर रोडकर

जरूर पाठवा. पाच थरांचं उत्तर तिने ११.५ काढलं असेल तर तिला सांगा, प्रत्येक थरापर्यंत पोचणारा प्रकाश आधीच्या थराने थोडा कमी केलेला असतो, तो धरून पुन्हा काढ. दोन्ही उत्तरांत फरक किती पडतो ते घेऊन ये म्हणावं.